तेलगळतीनंतर झाडांचं काय झालं? उपग्रहचित्रांतून पाहायला शिकणाऱ्यांसाठी

या विषयाकडे वळलो तेव्हा पहिले तीन आठवडे मी चुकीची गोष्ट शोधत होतो. तेलगळती आणि उपग्रह हे दोन शब्द एकत्र टाकले की समोर येतं ते सगळं समुद्राबद्दल. रडारच्या करड्या चित्रात तेलाचा काळा डाग, कारण तेलाचा थर पाण्यावरच्या बारीक लहरी दाबून टाकतो. मीही तोच काळा डाग खारफुटीत आणि गवताळ दलदलीत शोधत बसलो. तो तिथे दिसणार नव्हता. जमिनीवर, झाडीत, दलदलीत सांडलेल्या तेलाचा माग काढायची रीत वेगळी आहे. त्या तीन आठवड्यांत आणि नंतरच्या वर्षा-दीड वर्षात जे कळलं ते क्रमाने सांगतो.

१. तेल शोधू नका, झाड वाचा

फुकट मिळणाऱ्या नेहमीच्या उपग्रहचित्रांत जमिनीवरचं तेल जवळजवळ दिसतच नाही. कच्च्या तेलातली हायड्रोकार्बन संयुगं प्रकाश शोषतात, त्याच्या ठळक खुणा १७३० आणि २३१० नॅनोमीटरच्या आसपास असतात. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे लघुतरंग अवरक्त पट्टे (पट्टा म्हणजे उपग्रह प्रकाशाचा जो ठरावीक तुकडा मोजतो तो) आहेत १६१० आणि २१९० च्या आसपास. म्हणजे दोन्ही खुणा नेमक्या पट्ट्यांबाहेर पडतात. अमेरिकेच्या लँडसॅट ८ आणि ९ चंही तेच. शेकडो अरुंद पट्ट्यांत मोजणारं उपकरण असेल तर गोष्ट वेगळी. ते बहुतेकांच्या हाती नसतं.

दिसतं ते झाडाचं आजारपण. तेल पानांवर बसलं की पर्णरंध्रं बुजतात. खारफुटीच्या चिखलातून वर आलेल्या श्वसनमुळांवर बसलं की मुळांचा श्वास कोंडतो. मातीत मुरलं की ते खाणारे जिवाणू ऑक्सिजन संपवतात आणि माती पाणी धरेनाशी होते. मग हरितद्रव्य घटतं. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि निकट-अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. आजारी पानात लाल परावर्तन वाढतं, निकट-अवरक्त घसरतं. या सगळ्याला वेळ लागतो. तेलाने पानं थेट माखली असतील तर दिवसांत, मुळांवाटे मार बसला असेल तर आठवडे किंवा महिने. गळतीच्या चौथ्या दिवसाचं चित्र पाहून 'नुकसान नाही' असं लिहून टाकणारे अहवाल मी पाहिले आहेत. तसं करू नका.

२. सामान

पैसे लागत नाहीत, नेट आणि चिकाटी लागते.

- चित्रं: सेंटिनेल-२ (२०१५ पासून; १० आणि २० मीटरचे पट्टे; दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी). त्याआधीच्या गळतीसाठी लँडसॅट (३० मीटर, १९८० च्या दशकापासून). पहिली कोपर्निकस डेटा स्पेसवर, दुसरी यूएसजीएसच्या अर्थ एक्सप्लोररवर, दोन्ही मोफत.
- सॉफ्टवेअर: नकाशे हाताळणारं क्यूजीआयएस. चित्रं उतरवून ठेवायला जागा नसेल तर गूगल अर्थ इंजिन, त्यात थोडा कोड लिहावा लागतो.
- गळतीची नोंद: तारीख, अक्षांश-रेखांश, अंदाजे पिंपं, तेलाचा प्रकार, आग लागली होती का, सफाई कधी झाली.
- सोबतीला: पावसाची आकडेवारी (चर्प्स), वणव्यांचे बिंदू (नासाचं फर्म्स), भरती-ओहोटीचं वेळापत्रक, आणि पाइपलाइनचा नकाशा मिळाला तर तोही.
- एक साधी वही किंवा तक्ता. कोणतं चित्र का घेतलं, कोणतं का टाकलं, हे तिथेच लिहायचं. दोन महिन्यांनी आठवत नाही.

शिकण्यासाठी नायजर त्रिभुज प्रदेश उत्तम, कारण नायजेरियाची तेलगळती यंत्रणा, म्हणजे नोसड्रा, घटनांची यादी नकाशासह सर्वांसाठी खुली ठेवते. मीही तिथूनच सुरुवात केली.

३. जागा पक्की करा

नोंदीतला बिंदू जसाच्या तसा नकाशावर टाकू नका. जुन्या नोंदींत अंश-मिनिटं आणि दशांश यांची सर्रास सरमिसळ असते. ४ अंश ३७ मिनिटं म्हणजे ४.६१७ अंश. कोणीतरी ते ४.३७ असं टाइप केलं की बिंदू सुमारे २७ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर बिंदू भलत्याच ठिकाणी जातो. ती चूक लगेच कळते म्हणून बरी. धोकादायक आहे ती शे-दोनशे मीटरची. बिंदू तिथेच आसपास असतो, झाडीतच असतो, फक्त चुकीच्या झाडीत.

माझी सवय: बिंदू टाकल्यावर आधी बारीक तपशील दाखवणाऱ्या पार्श्वचित्रात पाहायचं. पाइपलाइनची गळती असेल तर बिंदू पाइपलाइनच्या मोकळ्या पट्ट्यावर किंवा अगदी लगत पडायला हवा. विहिरीची असेल तर विहिरीचं आवार दिसायला हवं. तसं नसेल तर ती घटना बाजूला ठेवायची. सुरुवातीला निवडलेल्या वीसपैकी सात मी अशाच सोडल्या.

तारखेचंही तसंच. नोंदीत बऱ्याचदा गळती कळल्याची तारीख असते, ती सुरू झाल्याची नव्हे.

४. हे दिसण्याजोगं आहे का?

दहा मीटरचा एक पिक्सेल म्हणजे १०० चौरस मीटर. शंभर पिक्सेल म्हणजे एक हेक्टर. चार-पाच पिक्सेलच्या डागावर कोणताही दावा करू नये, कारण दोन चित्रं एकमेकांवर बसवताना अर्ध्या-एका पिक्सेलची सरक असतेच.

क्षेत्रफळाइतकाच आकारही महत्त्वाचा. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० ला डीपवॉटर होरायझन फलाटावर स्फोट झाला आणि विहीर १५ जुलैला बंद होईपर्यंत तेल वाहत राहिलं. तेवढी प्रचंड गळती, पण लुईझियानातल्या बॅरटॅरिया उपसागराच्या दलदलीत झाडांचं नुकसान मुख्यतः काठालगतच्या दहा-पंधरा मीटरच्या पट्टीत होतं. ती लांबच लांब आहे, पण रुंदीला सेंटिनेल-२ चा एखाद-दीड पिक्सेल, आणि तोही अर्धा पाण्यात, अर्धा गवतात. लँडसॅटच्या ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये ती जवळजवळ विरघळूनच जाते. तिथला अभ्यास विमानावर बसवलेल्या, कितीतरी बारीक पिक्सेलच्या उपकरणाने झाला, तो यासाठीच. तेव्हा गळती मोठी म्हणून नुकसान दिसेलच, आणि लहान म्हणून दिसणारच नाही, ही दोन्ही गृहीतकं सोडा. खाडीच्या काठाने पसरलेलं तेल आणि सखल जागेत साचलेलं तेल यांची चित्रं पूर्ण वेगळी असतात. नवख्याने साचलेलं घ्यावं.

५. चित्रं निवडा

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

*ऋतू जुळवा.* गळतीआधीचं चित्र पावसाळ्यानंतरचं आणि नंतरचं ऐन कोरड्या दिवसांतलं घेतलंत तर गळती नसतानाही 'नुकसान' मिळेल. तारखा वर्षाच्या त्याच पंधरवड्यातल्या हव्यात, आणि आधीचं एकच वर्ष पुरत नाही. तीन तरी घ्या, म्हणजे त्या झाडीचे नेहमीचे चढउतार किती ते कळतं.

*ढग.* चित्रासोबत येणाऱ्या वर्गवारीच्या थरात ढगांच्या सावल्या (वर्ग ३), ढग (८ आणि ९) आणि विरळ उंच ढग (१०) वेगळे दाखवलेले असतात. ते काढून टाका, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नका. ढगांच्या कडा सुटतात, सावल्या तर हमखास. ढगाच्या सावलीतली खारफुटी आणि तेलाने काळवंडलेली खारफुटी पहिल्या नजरेला सारखीच दिसते. काळा डाग दिसला की सूर्याच्या दिशेला तशाच आकाराचा पांढरा ढग आहे का पाहा. नायजर त्रिभुज प्रदेशात वर्षाचा बराच काळ ढगांत जातो आणि आकाश मोकळं होतं त्या कोरड्या महिन्यांत हरमॅटन वारा सहारातली धूळ घेऊन येतो. ढग नसलेलं चित्र म्हणजे स्वच्छ चित्र, असं तिथे म्हणता येत नाही.

*भरती-ओहोटी.* हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सेंटिनेल-२ एखाद्या जागेवरून नेहमी सकाळी साडेदहाच्या सुमारासच जातो. पण भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे पाच दिवसांनी चार तास. एका चित्रात खारफुटीच्या मुळांत पाणी भरलेलं, पुढच्यात चिखल उघडा. पाणी निकट-अवरक्त प्रकाश गिळतं, त्यामुळे विरळ झाडीत हिरवेपणाचा निर्देशांक (तो कसा काढायचा ते पुढे येतं) बदलतो आणि आपण त्याला तेल समजतो. वेळापत्रक पाहा, शक्यतो दोन्ही चित्रं ओहोटीची घ्या.

२००३ नंतरच्या लँडसॅट ७ च्या चित्रांत तिरप्या काळ्या पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका. ३१ मे २००३ ला त्याच्या उपकरणातला एक भाग बिघडला, तेव्हापासूनची सगळी चित्रं तशीच आहेत. पट्टीतल्या रिकाम्या जागा भरून देणारी साधनं आहेत, पण नुकसान मोजताना भरलेला पिक्सेल म्हणजे कोणीतरी केलेला अंदाज. तो वगळा.

६. निर्देशांक काढा (आणि २०२२ ची खिंड सांभाळा)

पहिला निर्देशांक एनडीव्हीआय, म्हणजे झाडीचा हिरवेपणा सांगणारा आकडा:

एनडीव्हीआय = (बी८ − बी४) ÷ (बी८ + बी४)

बी८ म्हणजे निकट-अवरक्त, बी४ म्हणजे लाल. दाट निरोगी झाडीत ०.८ च्या आसपास, उघड्या मातीत ०.१-०.२, पाण्यात शून्याखाली. याची खोड अशी की घनदाट झाडीत तो वर जाऊन अडकतो. झाडाला ताण आला तरी आकडा हलत नाही. म्हणून सोबत रेड एजचा निर्देशांक घ्या, त्यात बी८ए हाही निकट-अवरक्तच आणि बी५ म्हणजे रेड एज: (बी८ए − बी५) ÷ (बी८ए + बी५). लाल आणि अवरक्त यांच्यामधल्या चढावर, ७०५ नॅनोमीटरला, हरितद्रव्याची घट लवकर कळते. पिक्सेल २० मीटरचा मिळतो, तेवढी किंमत मोजायची. तिसरा ओलाव्याचा, त्यातला बी११ म्हणजे १६१० चा लघुतरंग अवरक्त: (बी८ए − बी११) ÷ (बी८ए + बी११). तिन्ही एकाच जागी एकाच वेळी पडले तर माझा विश्वास बसतो. एकटा एनडीव्हीआय पडला तर आधी चित्रात खोट शोधतो.

खोट शोधायची ही सवय लागली एका फजितीतून. एका खाडीच्या दहा वर्षांच्या मालिकेत मला जानेवारी २०२२ च्या शेवटी एनडीव्हीआय सरळ कोसळलेला दिसला. ०.८ वरून ०.५३. नोंदीत गळती नव्हती, म्हणजे कोणीतरी लपवली, असं ठरवून मी दोन पानं लिहूनही काढली. मग शेजारची खाडी पाहिली, तिथेही तेच. पन्नास किलोमीटरवरचं जंगल पाहिलं, तिथेही तेच, त्याच तारखेला.

झालं होतं असं. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची आवृत्ती बदलली आणि प्रत्येक पिक्सेलच्या कच्च्या आकड्यात १००० मिळवले जाऊ लागले. आधी लाल ४०० आणि अवरक्त ३६०० असेल तर ३२०० भागिले ४०००, म्हणजे ०.८. तीच झाडी, तेच पान, पण आकडे १४०० आणि ४६०० झाले तर ३२०० भागिले ६०००, म्हणजे ०.५३. झाडांना काहीही झालेलं नव्हतं. ती दोन पानं फाडली.

तुम्ही चित्रं स्वतः उतरवत असाल तर त्या तारखेनंतरच्या आवृत्तीतून १००० वजा करा. अर्थ इंजिन वापरत असाल तर सेंटिनेल-२ चा तो संच घ्या ज्याच्या नावात 'हार्मोनाइज्ड' आहे. त्यात वजाबाकी झालेली असते. बिगर-हार्मोनाइज्ड संचावर लिहिलेला जुना कोड नेटवर अजूनही भरपूर फिरतो. उचलताना पहिल्या चार ओळी वाचा.

७. तुलनेची जागा निवडा

'आधी आणि नंतर' एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. 'इथे आणि तिथे'ही लागतं. गळतीच्या जागेसारखीच झाडी, तीच जात, पाण्यापासून तेवढंच अंतर, पण तेल न पोचलेली. वाहत्या नदीत वरच्या अंगाची जागा चालते. भरतीच्या खाडीत मात्र पाणी दोन्ही दिशांना जातं, त्यामुळे वरचं अंगही सुरक्षित नाही; तिथे वेगळीच खाडी शोधा.

समजा गळतीच्या जागी एनडीव्हीआय ०.७८ वरून ०.५१ वर आला, म्हणजे ०.२७ ची घट. तुलनेच्या जागी ०.७६ वरून ०.६९, म्हणजे ०.०७ ची. गळतीच्या माथी मारता येईल ती ०.२०. उरलेलं त्या वर्षीच्या पावसाचं, धुळीचं, आणखी कशाचं.

कोणता पिक्सेल 'नुकसानग्रस्त' हेही तुलनेच्या जागेवरूनच ठरवा. तिथल्या बदलाची सरासरी −०.०७ आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) ०.०४ असेल तर सरासरीतून दोन विचलनं वजा करून −०.१५ ही सीमा घ्या. कुठल्यातरी लेखातली सीमा उचलून आणू नका. आणि एक लक्षात असू द्या: अशी सीमा घेतली की काहीही न बिघडलेल्या झाडीतलेही दोनेक टक्के पिक्सेल निव्वळ योगायोगाने तिच्याखाली जातात. दहा हजार पिक्सेलचं क्षेत्र असेल तर सुमारे दोनशे, म्हणजे दोन हेक्टर फुकटचं नुकसान. हे सहसा विखुरलेले, एकेकटे असतात. चार-पाचपेक्षा कमी पिक्सेलचे ठिपके गाळले की बरेचसे जातात.

८. बाकीचे संशयित तपासा

- वणवा किंवा गळतीचीच आग. फर्म्सवर त्या तारखांचे बिंदू पाहा. गळतीला आग लागली असेल तर नुकसान आगीचं की तेलाचं, हे चित्रातून वेगळं करता येत नाही. तसं सरळ लिहा.
- पाइपलाइनवरची साफसफाई. कंपन्या पाइपलाइनच्या दोन्ही बाजूंची झाडी वेळोवेळी तोडतात. नुकसान एकसारख्या रुंदीचं, कित्येक किलोमीटर लांब आणि सरळ रेषेत असेल तर ते तेल नव्हे. तेल उताराने जातं, वाकडंतिकडं.
- दुरुस्तीला आलेल्या यंत्रांनी केलेला रस्ता. हा गळतीनंतर, गळतीपाशीच येतो, म्हणून सगळ्यात फसवा.
- पूर, दुष्काळ, लाकूडतोड, शेती.

९. पुढे पाहत राहा

एका चित्रावर थांबू नका. नायजर त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनीलँडविषयीच्या २०११ च्या अहवालात संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाने तिथल्या सफाईला २५ ते ३० वर्षं लागू शकतील असं म्हटलं होतं. त्या मानाने आपली दोन-तीन वर्षांची मालिका म्हणजे काहीच नाही.

पण लांब मालिकेतही एक सापळा आहे, आणि माझ्या मते या कामातला तोच सगळ्यात वाईट. निर्देशांक हिरवेपणा मोजतो, हिरवं काय आहे ते सांगत नाही. एका जागी मला पाच वर्षांत एनडीव्हीआय जवळजवळ पूर्ववत झालेला दिसला. 'सावरलं' असं लिहिणार होतो. तिथल्या एका सहकाऱ्याने फोनवर काढलेले फोटो पाठवले, तर खारफुटीचं एकही नवं झाड नाही. चिखलात नीपा ताडाचे झुबके उभे. हा ताड तिथला मूळचा नव्हे, आणि खारफुटी मेली की रिकामी जागा तो बळकावतो. मासे, खेकडे आणि काठ धरून ठेवणारी मुळं या हिशेबात तो खारफुटीची जागा घेत नाही. चित्रात मात्र दोन्ही हिरवे. लुईझियानातही पट्टीतलं गवत परत आलं का, याबरोबरच मधल्या काळात काठच वाहून गेला का, हे पाहावं लागतं. काठ गेला असेल तर तिथे पिक्सेलच पाण्याचा झालेला असतो आणि तो तुमच्या 'झाडी' वर्गातून गुपचूप गळतो. म्हणून झाडीची सीमा गळतीआधीच्या चित्रावर एकदाच आखा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

१०. आकडा लिहा

क्षेत्रफळ काढण्याआधी नकाशा यूटीएम प्रक्षेपणात, म्हणजे अंतरं मीटरांत मोजणाऱ्या मांडणीत, आणा. अंशांत मोजलेलं क्षेत्रफळ कोणाच्याच कामाचं नसतं. मग आकड्यासोबत एवढं लिहा: दोन्ही चित्रांच्या तारखा, कोणता निर्देशांक, सीमा किती आणि ती कुठून आली, तुलनेची जागा कोणती, ढगांमुळे किती टक्के क्षेत्र पाहताच आलं नाही. शेवटचा मुद्दा लोक हमखास गाळतात. १०० हेक्टरपैकी ४० ढगाखाली असतील तर 'नुकसान १२ हेक्टर' आणि 'पाहता आलेल्या ६० पैकी १२ हेक्टर' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

जमिनीवर जाणारं कोणी असेल तर त्यांना पंधरा-वीस बिंदू द्या, त्यातले निम्मे तुम्ही 'नुकसान नाही' म्हटलेले असू द्या, आणि कोणते कुठले ते त्यांना सांगू नका. फोटो चारही दिशांना आणि एक खाली, मातीचा. त्यांच्या फोनमधली जागेची नोंद सुरू आहे का ते निघण्याआधी विचारा. मी एकदा विचारलं नव्हतं, आणि चिखलाचे अठ्ठेचाळीस फोटो कुठले कुठे बसवायचे ते आजतागायत कळलेलं नाही.